माघाचं बी, वैशाखाचं पाणी

जळगावात वसंत फार थोडा वेळ थांबतो. संक्रांतीनंतरही पहाटे शाल लागते. जानेवारीत पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरलेला असतो. आणि होळीची राख थंड होते न होते तोच दुपारचे रस्ते ओस पडू लागतात. मे महिन्यात तोच पारा ४४-४५ वर जातो. या दोन टोकांच्या मध्ये जी फट राहते, तिच्यातच परसबागेची उन्हाळी लावणी उरकावी लागते. पुण्याच्या मैत्रिणी मार्चमध्ये हौसेने कुंड्यांचे फोटो पाठवतात, ‘आज बी टाकलं’ म्हणून. तोवर आमच्याकडचा वेल मांडवाला हात घालायला आलेला असावा लागतो. मार्चमध्ये टाकलेलं बी इथेही उगवतं, चार पानांवर येतं आणि नेमकं कोवळ्या वयात त्याला एप्रिल गाठतो.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. दोन्ही घरांमागे थोडी मोकळी जागा होती आणि दोन्ही घरांत ती रिकामी ठेवणं कुणाला पटत नव्हतं. धुळ्याची जमीन मुरमाड, खणायला लागलं की पहारीखाली ठिणगी उडावी अशी. जळगावची काळी, खोल, पावसात पाय रुतवणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या भेगा मुळं तोडतात, हे मला सासरी आल्यावर कळलं. धुळ्यात पाणी दिलं की वाहून खाली जायचं. इथे पाणी धरून ठेवणारी माती आहे, पण ती एकदा पूर्ण वाळली की दगड होते. म्हणून काळ्या मातीत उन्हाळी आळं करायचं तर ते उघडं ठेवायचं नाही, हा पहिला नियम. फाल्गुनात कडुनिंब पानं झाडतो. ती झाडून जाळणारी घरं पाहिली की मला राहवत नाही. नेमकं ज्या आठवड्यात जमीन झाकायला काहीतरी हवं असतं, त्याच आठवड्यात दारचं झाड ते देतं. जळगावात केळीची वाळलेली पानंही मागितली तर मिळतात. चार बोटं जाडीचा थर आळ्यात पसरला की संध्याकाळी दिलेल्या पाण्याची ओल दुसऱ्या दिवशी दुपारीही बोटाला लागते.

पण लावणीच्या आधी उपटणी येते, आणि ती मनाला जड जाते. पावसाळ्यात लावलेली भरिताची वांगी माघापर्यंत थकलेली असतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, आसोदा ही गावं त्याच्यासाठी माहीत असलेली. फिकट हिरवं, मोठं, गर भरपूर आणि बिया कमी. थंडीभर ते काड्यांच्या जाळावर भाजलं, लाकडी बडगीत ठेचलं, कांद्याच्या पातीबरोबर खाल्लं. आता झाडावर उरलेली फळं लहान, कडवट आणि किडकी येतात, तरी फुलं येतच राहतात. फुलं असलेलं झाड उपटायचं जिवावर येतं. सासूबाई त्याबाबतीत ठाम होत्या. एका निरोगी झाडावरचं एक चांगलं फळ त्यांनी आधीच दोरा बांधून राखलेलं असायचं. ते पिवळं पडेपर्यंत ते झाड उभं ठेवायचं, बाकीची सगळी काढायची. पिवळ्या वांग्याचं बी धुऊन, राखेत घोळून, सावलीत वाळवून डब्यात. मग रिकाम्या वाफ्यात शेणखत आणि त्यावर उन्हाळी पिकाचा विचार.

हा विचार कशावरून सुरू करायचा, यावर माझं सगळं म्हणणं आहे. पुस्तकं सांगतात जागा मोजा, ऊन मोजा, कुटुंबातली माणसं मोजा. खान्देशात आधी मे महिन्याचं पाणी मोजावं. फेब्रुवारीत कितीही आळी जगतात. हवा गोड असते, एक तांब्या पाणी दोन दिवस पुरतं, आणि माणूस उत्साहात बारा आळी करून बसतो. त्याच आळ्यातल्या वेलाला वैशाखात रोज संध्याकाळी घागरभर पाणी लागणार असतं, आणि त्याच वैशाखात नळ दिवसाआड येणार असतो, तोही कमी दाबाने. घागरी किती उरतील ते आधी ठरवावं. तेवढीच आळी करावीत. फेब्रुवारीत जास्तीची रोपं शेजारी वाटून टाकायला मन तयार होत नाही, तरी ती वाटावीत. मे महिन्यात पाण्यावाचून माना टाकलेले वेल बघणं त्याहून फार वाईट.

हे शहाणपण माझं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी ते शतकांपूर्वी नियम म्हणून पाळलं गेलं. नदीवर दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कोणता फड भिजवायचा, कोणता पडीक ठेवायचा, हे त्या वर्षीच्या पाण्यावर ठरायचं. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभं राहून पाणी ओढायचं नाही. पाटकरी पाणी फिरवायचा आणि राखणीला जागल्या असायचा. कमी पाण्याच्या वर्षी तोटा एकट्या शेवटच्या शेताच्या वाट्याला न जाता सगळ्यांत वाटला जायचा. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या खान्देशात नेमले गेले होते. पांझरेच्या एका पाटाचं पाणी साक्रीकडच्या दातर्तीला नळाच्या सायफनने पलीकडे नेण्याचं काम त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी. पुढे म्हैसूरच्या दिवाणपदापर्यंत गेलेल्या माणसाने पाण्याच्या कामाचे पहिले धडे आमच्या या आटणाऱ्या नदीवर गिरवले, याचा मला अभिमान वाटतो. फडाची पद्धत आज बहुतेक ठिकाणी मोडली आहे. परसात मात्र ती अजून चालवता येते. माझ्या दोन वाफ्यांपैकी एक उन्हाळ्यात पडीक असतो, पाला अंथरून झाकलेला. येणारे-जाणारे विचारतात, एवढी जागा रिकामी का? पाणी एका वाफ्याचंच आहे, म्हणून.

पाणी एकाच वाफ्याचं असलं तरी ते घरात दोनदा वापरता येतं, आणि हा हिशेब खान्देशातल्या बायकांना कुणी शिकवावा लागत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी पातेल्यात साठतं ते थेट वेलांना. साबणाचं पाणी केळीला आणि अळवाला; इतर पालेभाज्यांना अजिबात नाही. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी भाजीला देऊ नये. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जाळीवरचा पांढरा थर त्याचीच खूण. ते कुंपणाच्या कण्हेरीला चालतं. आणि पाइपने पाणी द्यायचं असेल तर आधी पाइपातलं पाणी बादलीत सोडून द्यावं. दिवसभर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपात साठलेलं पाणी हाताला चटका देतं. ते सरळ आळ्यात गेलं तर मुळांचं काय होईल? माझी माय धुळ्याहून संध्याकाळी फोन करते, आणि तब्येतीच्या आधी विचारते, ‘झाडेसले पानी दिधं का?’ दिलं म्हटलं की पुढचा प्रश्न पाइपाचाच.

जळगाव ठिबकचं गाव. इस्रायलमध्ये सिम्का ब्लास यांनी ठिबक सिंचनाचं तंत्र विकसित केलं आणि १९६० च्या दशकात हात्सेरीमच्या किबुत्झमधून, म्हणजे सामुदायिक वसाहतीतून, त्याचं उत्पादन सुरू झालं. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते जळगावात आणून मोठा उद्योग उभा केला. आमच्या केळीच्या बागा त्यावर पालटल्या. शेतातून काढलेल्या जुन्या नळ्या हल्ली कितीतरी परसांत दिसतात. ओट्यावर एक पिंप, त्याला तोटी, खाली नळी, आणि ताशी चार लिटर टाकणारा एकेक ड्रिपर एकेका आळ्यात. पण मला त्याहून जुना उपाय जवळचा वाटतो. मातीचा माठ वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकण. माती वाळेल तसं पाणी पाझरतं. ओली असेल तर थांबतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फान शंगजीच्या चिनी शेतीग्रंथात ही रीत सांगितली आहे, आणि तिथेही माठाभोवती लावलेलं पीक वेलवर्गातलंच. एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘जुना झालाय, पाणी गार होत नाही’ म्हणून बाजूला टाकलेला माठ यासाठी उपयोगाचा नसतो. पाणी गार होत नाही कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, आणि तो मातीतही पाझरणार नाही. साधा, बिनरंगाचा, नवा माठ घ्यावा.

आता बी. गिलकं, दोडकं, कारलं, काकडी ही उन्हाची पिकं, थंड मातीत ती रुजत नाहीत. आणि रुजण्याची वाट बघत बसलं तर उशीर होतो. म्हणून माघात बी रात्रभर भिजवायचं, कारल्याचं कठीण सालीचं बी अख्खा दिवस, मग ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायचं. पूर्वी चुलीजवळ, आता मी गव्हाच्या डब्यात पुरते. पांढरा कोंब दिसला की दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून त्यात, आणि ती पिशवी दिवसभर उन्हाच्या ओट्यावर. महाशिवरात्रीच्या सुमारास रोप आळ्यात जातं, मातीच्या गोळ्यासकट, मूळ न हलवता. वेलवर्गाला मूळ दुखावलेलं चालत नाही. भेंडी आणि गवार मात्र थेट वाफ्यात. गवारीला पाणी कमी लागतं आणि उन्हाचं भय नाही. पहिल्यांदाच परस करणाऱ्या माणसाने गवारीपासून सुरुवात करावी. टोमॅटोचा हट्ट धरू नये. झाड हिरवं राहतं, फूल येतं, पण एवढ्या उष्णतेत फूल गळतं आणि फळ धरत नाही. तो हिवाळ्याचा पाहुणा आहे, त्याला हिवाळ्यात बोलवावं.

वेलाला चढायला काड्या लागतात. पूर्वी कपाशीच्या पऱ्हाट्या सहज मिळायच्या आणि त्या घरोघर रचून ठेवलेल्या असायच्या. गुलाबी बोंडअळी त्या काड्यांत आणि उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून कृषी खातं त्या साठवू नका म्हणतं, आणि ते बरोबर आहे. माझ्या चार वेलांसाठी शेजारच्या गावाचा कापूस धोक्यात घालणं मला मान्य नाही. तुराट्या घ्याव्यात. त्या सरळ असतात आणि एक उन्हाळा टिकतात. मांडव पश्चिमेच्या भिंतीला लागून बांधावा. या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालेन. वेल एप्रिलपर्यंत मांडव भरून टाकतो आणि मग दुपारनंतरचं ऊन भिंतीवर येत नाही. आतली खोली संध्याकाळी थोडी लवकर निवते. मांडवाखाली जी सावली पडते तिच्यात कोथिंबीर, पुदिना, तांदुळजा तग धरतात. उघड्यावर कोथिंबीर चार दिवसांत पिवळी पडते. बाजारात हिरवी जाळी मिळते आणि ती चांगलीच आहे, पण भाजी देणारी सावली असताना ती विकत कशाला घ्यावी?

मार्चच्या शेवटी फुलं येतात आणि त्यांच्याबरोबर लोकांची काळजी. ‘फुलं भरपूर, फळ एक नाही’ अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. आधी येतात ती नर फुलं. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ जन्मापासूनच असतं, ते बघून ओळखावं. ती थोड्या दिवसांनी येतात, आणि ऊन फार चढलं तर कमी येतात. मला या वेलांच्या वेळा फार आवडतात. गिलक्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं, आणि सूर्य वर येईपर्यंत मोठे काळे भुंगे त्यात डोकं खुपसून असतात, परागाने पिवळे झालेले. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचंही. एकाच मांडवावर सकाळची आणि संध्याकाळची असे दोन बाजार भरतात. ज्या घरात दोन्ही वेल आहेत तिथे भुंगे आणि रात्रीचे पतंग दोघांचीही सोय होते. म्हणूनच मी पानांवर विष मारत नाही. मारलं तर आधी मरतो तो भुंगा. रोपं लहान असताना तांबडे भुंगेरे पानं चाळण करतात, त्यांच्यासाठी सकाळी पानांवर चुलीची राख भुरभुरावी. मावा आला तर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, गिलक्याची फुलं मिटल्यावर. फळमाशीने टोचलेलं कोवळं फळ वाकडं होतं, त्यातून डिंकासारखा थेंब येतो. ते लगेच तोडून खोल पुरावं. वेलाखाली पडू दिलं तर त्यातल्या अळ्या मातीत जातात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. भेंडीच्या शिरा पिवळ्या दिसल्या तर झाड उपटून टाकावं, औषध शोधत बसू नये. पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. परभणी क्रांती हे वाण या रोगाला बरंच दाद देत नाही, म्हणून आमच्याकडे तेच असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडव भरात असावा लागतो. खान्देशात हा सण दिवाळीच्या तोलाचा. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, नवं साल याच दिवशी ठरतं, आणि पितरांसाठी पाण्याची घागर भरून पुजली जाते. वर्षातलं सगळ्यात जास्त ऊन असताना गेलेल्या माणसांना पाणी द्यावं, हे ज्यांना सुचलं त्यांना या भूमीची तहान आतून माहीत होती. त्या दिवशी पुरणाचे मांडे खापरावर होतात आणि ताटात गिलक्याची भजी लागतात. बाजारात गिलकं मिळतं. पण बाजारातलं गिलकं आदल्या दिवशी तोडलेलं, उन्हात आलेलं, कातडं सैल पडलेलं असतं. झाडावरून काढून लगेच गोल काप केले तर सुरी जाताना आवाज होतो आणि कापांवर पाणी येतं. सासूबाई हयात असेपर्यंत आखाजीचं पहिलं गिलकं त्याच तोडायच्या. शेवटच्या वर्षी त्यांना ओट्यावरून उतरता येत नव्हतं, तेव्हा वेलाची एक फांदी आम्ही ओट्याच्या खांबाकडे वळवली होती.

‘एवढ्या टंचाईत भाजीला पाणी घालणं बरोबर आहे का?’ हा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. धुळ्यात मे महिन्यात नळाची वाट बघणाऱ्या मायबहिणी मी लहानपणापासून पाहिल्या. माझं उत्तर एवढंच की घरात वापरून झालेल्या पाण्यावर जेवढं जगेल तेवढंच लावावं, नळाचं ताजं पाणी फक्त रोपांच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावं, आणि तेही ज्या वर्षी शक्य नसेल त्या वर्षी परस पूर्ण पडीक ठेवावा. मी तसा ठेवलेला आहे. वाफ्यात पाला, पुरलेल्या माठावर झाकण, आणि पक्ष्यांसाठी एक परळ भरलेला. बुलबुल, सातभाई त्यावर येत होते. शासनाच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० च्या पावसाळ्यात गावोगाव पोषण परसबागांची मोहीम घेतली, ते फार चांगलं काम. पावसाळ्यात कुणाचाही परस हिरवा होतो. त्या मोहिमेत परस लावणाऱ्या बायांना पुढे उन्हाळ्याचं गणितही शिकवायला हवं, नाहीतर माघात उत्साहाने लावलेलं वैशाखात वाळतं आणि ‘आपल्याकडे होत नाही’ असं मनाशी बसून जातं. होतं, थोडं होतं, पण होतं.

ज्येष्ठात पहिल्या वळवाने मांडव बहुधा मोडतो. तोवर वेलावर एक-दोन गिलकी मुद्दाम राखलेली, तपकिरी झालेली, हलवली की आत बी खुळखुळणारी. साल सोलून आतली जाळी अंग घासायला, बी डब्यात. यंदा शेजारी नव्याने राहायला आलेल्या मुलीने बी मागितलं आहे. तिच्याकडे मागे जागा नाही, गच्ची आहे, आणि मोठं पिंप ठेवायची तयारी आहे. पिंपाला बाहेरून गोणपाट गुंडाळ, पिंप पश्चिमेच्या कठड्याला ठेव, मांडव पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे वळव, एवढं सांगून झालं. मग मी तिला विचारलं की मे महिन्यात त्यांच्या मजल्यावर पाणी किती दिवसांनी चढतं. तिला माहीत नव्हतं. खालच्या बिऱ्हाडाला विचारून सांगते म्हणाली. तिच्या उत्तरावर ठरेल, तिला एका वेलाचं बी द्यायचं की दोन.